माझा खोकला शिकलेली नटी

हे लिहायला बसलो तेव्हा कागदावर पहिलं नाव वैजयंतीताईंचं लिहिलं. आईवडिलांचे उपकार आहेतच. पारोळ्याच्या शाळेतल्या गुरुजींचेही आहेत, ज्यांनी आमच्या घरी चार खेपा घालून वडिलांना माझ्या कॉलेजसाठी तयार केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पण आज मी दम न लागता एक पूर्ण वाक्य बोलू शकतो आणि ते मान वर करून बोलू शकतो, यातलं दुसरं ताईंमुळे आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. टोकियोच्या एदोगावा भागात आमच्याच बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर राहतात. पंचावन्न ओलांडलेल्या, यजमान बँकेत, मुलगा परदेशी.

मला क्षय झाला होता. टीबी. हा शब्द मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहितो आहे, कारण तो लिहू नकोस म्हणणारी माणसंच मला जास्त भेटली. आता मी बरा आहे. राग मात्र बरा झालेला नाही. तोही लपवणार नाही.

नाटक

आमच्या मराठी मंडळाचं दिवाळीच्या कार्यक्रमात दरवर्षी एक नाटक असतं. त्या वर्षी सुहासदादांनी स्वतः लिहिलं होतं. सुहासदादा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि वेळ पडली तर समीक्षकसुद्धा. नाटक होतं एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एका गणिकेवर, जी रंगभूमीवरची नटीही होती. तीनचार बायकांची आयुष्यं एकत्र करून त्यांनी एक क्लेमांस उभी केली होती. धोबिणीची मुलगी. खेड्यातून पॅरिसला येते, टोप्यांच्या दुकानात काम करते, मग छोट्या थिएटरात नाचते. बड्या लोकांच्या बग्ग्या दारात उभ्या राहायला लागतात. वर्तमानपत्रं तिच्या अभिनयाबद्दल कमी आणि गळ्यातल्या हिऱ्यांबद्दल जास्त लिहितात. मग क्षय होतो. थिएटरचा मॅनेजर भूमिका दुसरीला देतो, बग्ग्या यायच्या बंद होतात, आणि ती आतल्या खोलीत पडलेली असताना बाहेरच्या दिवाणखान्यात तिच्या सामानाचा लिलाव मांडतात. पॅरिसमधल्या सभ्य बायका तिचे पडदे आणि कंगवे हात लावून बघायला येतात.

क्लेमांसचं काम ताईंकडे होतं. "या वयात गणिका?" असं काहीजणी पाठीमागे म्हणाल्या. ताई तोंडावर म्हणाल्या, "या वयातच जमेल. तरुणपणी सासूबाई होत्या."

मी प्रॉम्प्टर होतो. मला अभिनय येत नाही, पण मराठी माध्यमाचा असल्यामुळे माझं वाचन स्वच्छ आहे, असं दादा म्हणायचे. क्लेमांस मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. धोबिणीच्या पोरीने पॅरिसची बोली शिकायची, काटाचमचा शिकायचा आणि आपण कुठून आलो ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. मी इंग्रजी अशीच शिकलो आणि जपानीही.

तालमी वॉर्डाच्या सार्वजनिक सभागृहातल्या एका खोलीत चालायच्या. पहिल्याच आठवड्यात तिथला व्यवस्थापक तीनदा वाकून सांगून गेला की शेजारच्यांना आवाजाचा त्रास होतो. आपल्या लोकांमुळे तक्रार नको म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या बंद करून घेतल्या. त्यानंतर प्रत्येक तालमीत एकजण खिडक्यांच्या कड्या तपासायचा. इतके आम्ही शहाणे.

मला खोकला होता. उन्हाळ्यापासून होता. आमच्या घरात खोकला म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज. वडिलांनी आयुष्य जिनिंगमध्ये, कापसाच्या धुळीत काढलं. ते खोकले नाहीत तर आई दचकून बघायची. त्यामुळे खोकल्याला डॉक्टर असतो हे मला माहीत होतं, पण अंगात भिनलेलं नव्हतं. तरी दोनदा दवाखान्यात गेलो. दोन्ही वेळा सिरप मिळालं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत छातीचा फोटो निघतो, पण माझी नोकरी कंत्राटी, आणि करार त्याच महिन्यात एका एजन्सीकडून दुसरीकडे गेला होता. "महाजन-सान, तुमचा नंबर पुढच्या वर्षी," असं नव्या एजन्सीने कळवलं.

एका तालमीत ताई मरणाचा प्रवेश करत होत्या. त्यांचा खोकला दादांना पटेना.

"ताई, हा घशातला खोकला आहे. बडीशेप अडकल्यासारखा. छातीतून हवा."

तेवढ्यात मला उबळ आली. दादा टाळी वाजवून ओरडले, "हा! हा खोकला! अरे सुनील, काय टेक्श्चर आहे! ताई, याच्याकडून शिकून घ्या."

सगळे हसले. मीही हसलो. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मंडळात माझं काही पहिल्यांदाच कुणाला हवं होतं.

मग पुढच्या तालमींत आम्ही कोपऱ्यात दोन खुर्च्या समोरासमोर टाकून बसायचो. मी खोकायचो, ताई बघायच्या. "सुरुवात कुठून होते? पोटातून? हात आपोआप मांडीवर जातो का रे तुझा?" त्या माझ्या बरगड्यांकडे, गळ्याच्या शिरांकडे अभ्यासूपणे बघायच्या. आमच्यात हातभर अंतर होतं. खिडक्या बंद होत्या. त्या खोलीत इंजिनिअर, शास्त्रज्ञ, डॉक्टरेट केलेले लोक होते. सगळ्यांना नाटकातल्या बाईला काय झालंय ते पाठ होतं. त्याच खोकल्याचा माणूस समोर बसलेला असताना एकालाही, मलासुद्धा, पुढचा प्रश्न पडला नाही.

ज्या दिवशी कळलं

रुमालावर लाल दिसलं ते ऑफिसच्या वॉशरूममध्ये. नाटकातल्या रुमालासाठी आम्ही कुंकू कालवलं होतं. दादा म्हणाले होते, "रक्त गडद नको, गुलाबी ठेवा. सुंदर दिसलं पाहिजे." माझ्या रुमालावरचं सुंदर नव्हतं. फेसाळ होतं आणि त्याला वास होता.

या वेळी वेगळ्या डॉक्टरकडे गेलो. वयस्कर होते. त्यांनी माझा एक्स-रे पडद्यावर लावला, बघितला, आणि उठून खोलीची खिडकी उघडली. मग मला मास्क दिला, स्वतः लावला आणि बसले. त्यांनी सांगितलेला जपानी शब्द मला येत नव्हता. त्यांनी फोनवर टाइप केला आणि पडदा माझ्याकडे वळवला. देवनागरीत एकच शब्द होता. क्षयरोग. तो मी शेवटचा वाचला होता पारोळ्याच्या सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, निळ्या रंगात.

माझ्या डोक्यात मुलगी ओवी आधी आली पाहिजे होती. सहा वर्षांची पोर. पण आधी आल्या त्या दोन खुर्च्या.

आतला जीव

इथे थुंकीत जंतू सापडले की घरी ठेवत नाहीत. मला टोकियोच्या कडेच्या एका हॉस्पिटलमध्ये नेलं. वॉर्डाला एकामागे एक दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. सकाळी नर्स गोळ्या द्यायची, मी गिळेपर्यंत उभी राहायची आणि मग तोंड उघडायला लावायची. लहान मुलासारखा "आ" करायचा. पहिले काही दिवस मला त्याची लाज वाटली. नंतर वाटलं, एवढ्या मन लावून मी काही गिळावं अशी काळजी आईनंतर हिनेच केली. त्या गोळ्यांनी लघवी नारिंगी झाली. जेवणात भात असायचा, पण तो वरणाशिवाय. तिसऱ्या दिवशी मी मिसो सूप भातावर ओतलं. शेजारच्या खाटेवरचे जपानी आजोबा थक्क होऊन बघत राहिले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही ओतलं.

अशा गोष्टींनी दिवस जायचे. राग त्यांच्या मधल्या वेळात यायचा.

आईचा फोन आला. "कुणाला सांगू नको. निमोनिया म्हण. तुझ्या बहिणीचं लग्न जमायचंय." एजन्सीचा फोन आला. तुम्ही स्वतःच वैयक्तिक कारणासाठी काम सोडताय असं कळवलंत तर सगळ्यांनाच सोपं जाईल, असं एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली. मी नाही म्हटलं. तिने तेच वाक्य पुन्हा, आणखी गोड आवाजात म्हटलं.

बायकोचा, मंजिरीचा, फोन रोज यायचा. तिचा आणि ओवीचा रक्ताचा अहवाल चांगला आला होता. पुन्हा एकदा तपासायचं होतं, पण चांगला होता. तरी तिचा आवाज उतरलेला असायचा. खोदून विचारलं तेव्हा कळलं. लिफ्टमध्ये ती दिसली की बाकीचे जिन्याने जातात. ओवीला दोन वाढदिवसांना बोलावणं नव्हतं. आणि मंडळातल्या एका बाईंनी, रोज सकाळी जिच्याशी हिचं बोलणं असायचं तिने, निरोप पाठवला होता की तुमच्या कचऱ्याच्या पिशव्या थोड्या बाजूला ठेवाल का.

"जपान्यांनी सांगितलं का तसं?" मी विचारलं.

"नाही हो. जपान्यांना माहीतसुद्धा नाही. आपल्याच लोकांनी."

मी फोन भिंतीवर फेकला नाही, कारण तो एकच होता. ही तीच माणसं, जी तालमीत क्लेमांसच्या मरणाला डोळे पुसायची. पॅरिसच्या सभ्य बायका तिच्या घरात येऊन तोंडावर रुमाल धरतात, त्या प्रसंगात "किती क्रूर ना!" म्हणायची. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचा क्षय त्यांना सुंदर वाटायचा, कारण तो लिफ्टमध्ये चढत नाही.

ताईंचा अहवाल

मी ज्याची वाट बघत होतो ती बातमी वेगळीच होती. आरोग्य केंद्राच्या परिचारिका ओकादा-सान यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घराबाहेर बंद खोलीत सगळ्यात जवळ कोण बसायचं? मी ताईंचं नाव सांगितलं. त्यांनी विचारलं, "ऑफिसमधल्या?" मी म्हटलं, "नाही. त्या माझा खोकला शिकत होत्या." माझी जपानी कच्ची असावी असं समजून त्यांनी तीनदा विचारलं. मग पेन खाली ठेवलं.

ताईंना लागला का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. औषधाने मी बरा होईन असं डॉक्टर सांगत होते. पण मी जर त्यांना हे दिलं असेल तर बरं होऊन करायचं काय?

त्यांनीच फोन केला. व्हिडिओवर. केस बांधलेले, मागे स्वयंपाकघर.

"सुनील, रक्त पॉझिटिव्ह आलंय. फोटो स्वच्छ आहे. जंतू आत आहेत पण झोपलेत म्हणे. माझ्यापासून कुणाला लागत नाही. काही महिने गोळ्या घ्यायच्या."

मी मास्कवरून डोळे पुसले.

"रडू नकोस, मास्क ओला होईल. आणि ऐक. ओकादा-सान म्हणाल्या, हे तुझ्याकडूनच आलं असं कुणी सांगू शकत नाही. माझ्या आजोबांना होता. घरात त्याला 'छातीचा विकार' म्हणायचे. त्यांचा पेला वेगळा असायचा, फडताळात, वरच्या फळीवर. मी त्यांच्या मांडीवर वाढले. तेव्हाच शिरला असेल."

"तसं तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"हो. पण ते खोटं नाही. दोन्ही चालेल की."

मला त्यांचाही राग आला. त्यांनी एकदा तरी माझ्यावर ओरडायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "उद्यापासून सकाळी तुझी गोळीची वेळ झाली की फोन लाव. दोघं बरोबर घेऊ. मी एकटी विसरेन."

त्या काही विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. पण त्यानंतर रोज सकाळी माझ्या खाटेवर फोन उभा असायचा, नर्स समोर उभी, आणि आम्ही दोघं एकदम "आ" करायचो. चौथ्या दिवशी ताई म्हणाल्या, "अरे, मीपण नारिंगी झाले. आपलं घराणं एक झालं." नर्सने काय झालं म्हणून विचारलं. ते जपानीत सांगणं माझ्या कुवतीबाहेरचं होतं.

मंजिरी आणि ओवी त्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी सहाव्या मजल्यावर जेवायला जाऊ लागल्या. ताई खाली यायच्या आणि मुद्दाम लिफ्टने त्यांना वर न्यायच्या. दार उघडं धरून लॉबीत उभ्या असलेल्यांना विचारायच्या, "येताय ना?"

हार्टअटॅक

सुहासदादांचा फोन मला आला. ताईंना करायचं धाडस नसावं.

"सुनील, तू जरा समजाव त्यांना. रोल सोडा म्हणावं. लोक अनकम्फर्टेबल आहेत. आणि मी एक बदल करतोय. क्लेमांसला टीबी नको. हार्टअटॅक देऊ. प्रेक्षकांनी दिवाळीला येऊन कशाला त्या वातावरणात..."

"दादा, माझा खोकला तुम्हाला चालला होता."

"अरे, तेव्हा तो नुसता खोकला होता."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. दादा वाईट माणूस नाहीत. मला स्टेशनपासून घरापर्यंत सायकलवर सामान आणून दिलेलं आहे त्यांनी. म्हणूनच राग जास्त आहे. वाईट माणसाचं सोडून देता येतं.

मी ताईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आम्ही दोघंही एक क्षण घाबरलो.

"हार्टअटॅक? मग स्टेंट पण घालू तिला! लिलावात तोही विकायला ठेवू."

दुसऱ्या दिवशी त्या ओकादा-सानना घेऊन मंडळाच्या बैठकीत गेल्या. ओकादा-साननी शांतपणे सांगितलं की या बाईंपासून कुणालाही धोका नाही, आणि जी खोली बंद ठेवून तुम्ही तालमी केल्यात ती उघडी ठेवली असती तर बरं झालं असतं. ताईंचे संवाद दुसऱ्या कुणाला पाठही नव्हते. रोल त्यांच्याकडेच राहिला. क्षयही राहिला.

प्रयोग

प्रयोग मी खाटेवरून पाहिला. मंजिरीने फोन धरला होता. ती आणि ओवी शेवटच्या रांगेत होत्या. फोन तिने एकदा चुकून फिरवला तेव्हा दोन्ही बाजूंच्या रिकाम्या खुर्च्या मला दिसल्या.

मरणाचा प्रवेश दादांनी असा लिहिला होता: क्लेमांस दिवाणावर पडलेली, तिचा जुना चाहता सरदार पायाशी, दोन नाजूक खोकले, गुलाबी रुमाल, सगळ्यांना क्षमा आणि पडदा.

ताई खोकल्या. माझा खोकला. पोटातून निघालेला, तीन हिसके, शेवटी बारीक शिटी, मग हात मांडीवर आणि मान खाली. मंजिरीच्या हातातला फोन हलला. तिने तो आवाज भिंतीपलीकडून महिनोन्महिने ऐकला होता. सरदाराचं काम करणारा माणूस दोन पावलं मागे सरकला. ते संहितेत नव्हतं. लिलावाचं सामान बघणाऱ्या बायकांनी तोंडावर रुमाल धरले. ते होतं.

आता क्षमेचं वाक्य होतं. ताई ते म्हणाल्या नाहीत. त्या उठून बसल्या, आणि म्हणाल्या, "खिडकी उघडा."

विंगेतून नव्या प्रॉम्प्टरने खरं वाक्य दिलं. ते माझ्या फोनपर्यंत ऐकू आलं.

"खिडकी उघडा," ताई पुन्हा म्हणाल्या. "माझे पडदे बघून झाले, कंगवे बघून झाले. आता कुणीतरी उठून खिडकी उघडा. मला हवा हवी आहे. तेवढीच हवी आहे."

रंगमंचावर खिडकी नव्हतीच. त्या प्रेक्षकांकडे बघत होत्या. कुणी हललं नाही. मग माझ्या पडद्यावर एकदम खुर्च्यांचे पाय दिसले, फरशी दिसली, ओवीचा बूट दिसला. चालण्याचा आवाज आला. कडी सरकली. आणि फोनमधून बाहेरच्या रस्त्याचा, सायकलच्या घंटीचा, दूरच्या पुलावरून जाणाऱ्या गाडीचा आवाज आत आला. मंजिरीने खिडकी उघडली होती.

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मंजिरीबरोबर दोघीजणी चढल्या. बाकीचे जिन्यानेच गेले. यापेक्षा गोड शेवट मला लिहिता येणार नाही, कारण झाला नाही.

तुम्हाला खोकला असेल आणि तो थांबत नसेल तर छातीचा फोटो काढायला लावा. सिरप देऊन घरी पाठवलं तर परत जा. आणि झालाच, तर नाव घ्या त्याचं. वेगळा पेला वरच्या फळीवर ठेवून तो जात नाही.

घरी परतल्यावर काही महिन्यांनी, औषधं संपली तेव्हा, ताईंना मी एक पत्र लिहिलं. त्या तीन मजले वर राहतात, तरी पोस्टाने पाठवलं. तोंडावर बोललो असतो तर त्यांनी विषय बदलला असता. ते इथे देतो आहे. त्यांची परवानगी आहे.

ती. वैजयंतीताई यांस,
सा. न.

काल हॉस्पिटलमध्ये शेवटची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, औषध बंद. फुप्फुसावर एक वण राहील, तो राहू दे म्हणाले.

ताई, तुम्ही माझ्यावर कधीच रागावला नाहीत. मला ते फार दिवस सहन झालं नाही. मी इथे शिकून आलो, नोकरी करतो, सगळ्यांचे आभार मानतो. माझं निम्मं आयुष्य आभार मानण्यात गेलं. शाळेत जागा दिली म्हणून, शिष्यवृत्ती दिली म्हणून, व्हिसा दिला म्हणून. आजारी पडलो तेव्हा वाटलं, आता आपण सगळ्यांची माफी मागत फिरायचं. तुम्ही ती मागू दिली नाहीत. त्याऐवजी तुम्ही माझा राग स्टेजवर नेऊन ठेवलात. मला तो आपला आहे हेही तोपर्यंत माहीत नव्हतं. मी त्याला लाज समजत होतो.

एक गंमत सांगतो. काल ओवीने विचारलं, "बाबा, तू कसा खोकायचास?" मी करून दाखवायला गेलो. जमलं नाही. तीनचारदा प्रयत्न केला. बडीशेप अडकल्यासारखा आवाज आला. ओवी म्हणाली, "असा नाही. वैजूआजी करते तसा."

म्हणजे तो खोकला आता फक्त तुमच्याकडे आहे. मला परत नको. पण टाकूही नका. पुढच्या वर्षी कुणी क्षयाने मरणारी सुंदर बाई लिहून आणली तर काढा तो बाहेर. मी प्रॉम्प्टर असेन. माझी खुर्ची खिडकीपाशी ठेवा, कडीवर माझा हात असेल.

तुमच्या गोळ्या केव्हाच संपल्या, माझ्या काल संपल्या. तरी आज सकाळी त्या वेळेला मी फोन हातात घेऊन बसलो होतो. तुम्हीही बसला होतात का?

आपला,
सुनील